पंचांनी चाखून खात्री केली

जहांगीराबाद, भोपाळ
६ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप मनोरमाआत्येस,

नरहरचा साष्टांग नमस्कार, आणि नमस्काराच्या पाठोपाठ एक अडचण.

आधी खुशाली. आमची सरकारी प्रयोगशाळा गवताच्या पेंढ्यांत बांधून नागपुराहून इथे आली, त्याला तीन महिने झाले. निम्म्या काचा वाटेत फुटल्या, मी तेवढा शाबूत पोचलो. नव्या राज्याच्या नव्या राजधानीत आम्हाला जागा मिळाली आहे ती नवाबी अमलातल्या एका पागेत. घोड्यांची नावं अजून भिंतीवर आहेत. माझं टेबल 'शहजादी'च्या जागी आहे. नलिनीला ज्वारीचं पीठ मिळत नाही ही तक्रार सोडली तर तिला इथलं तळं फार आवडलं आहे.

आता अडचण. शहराबाहेर बैरागढला जुन्या लष्करी बराकी आहेत. युद्धात तिथे इटालियन कैदी ठेवलेले होते. युद्ध संपलं, ते आपापल्या गावी गेले, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकी मिळाल्या. त्यातल्या एका खोलीत लछमनदास नावाचा गृहस्थ दोन वर्षांपूर्वी राहायला आला. बायको, म्हातारी आई, चार मुली. हातगाडीवर मनुका, खारका, सुंठ विकतो. गेल्या महिन्यात चूल हलवायची म्हणून त्याने कोपऱ्यातली फरशी उचकटली, तर खाली विटांनी बांधलेला खड्डा आणि त्यात बत्तीस बाटल्या. आडव्या रचलेल्या, लाकडी बुचं, वर मेण. कुठे चिठ्ठी नाही, चपाटी नाही. तो बिचारा आपणहून चौकीवर सांगायला गेला, तर तिथल्या इन्स्पेक्टरने त्यालाच आरोपी केलं. मनुका विकणाऱ्याच्या घरात द्राक्षांची दारू सापडली, आणखी काय पुरावा हवा? इन्स्पेक्टर म्हणतो, ही यंदाच्या दिवाळीनंतर केलेली आहे. लछमनदास म्हणतो, मी यायच्या आधीपासून असेल, मला काही माहीत नाही.

नवी ठरली तर त्याला कैद, आणि खोलीही काढून घेतील, म्हणजे बाकीची सहा माणसं रस्त्यावर. दोन वर्षांहून जुनी ठरली तर तो सुटला. आणि हे ठरवायचं मी!

मी एक बाटली तपासली. साहेबलोक जिला व्हाइट वाइन म्हणतात ती ही पांढरी द्राक्षमदिरा. शेकडा बारा भाग अल्कोहोल, आम्ल बऱ्यापैकी, साखर जवळजवळ नाही. यंत्रं एवढं सांगतात. कधीची आहे ते एकही यंत्र सांगत नाही. आमच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "वय जिभेला कळतं, आणि आपल्या इथे ती जीभ कुणाला नाही. तीस वर्षं दारू तपासतोय, थेंब चाखला नाही." हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

जीभ म्हटल्यावर मला एकच आठवली. अण्णा गेल्यापासून औषधालयातली आसवं तू करतेस, आणि अण्णा होते तेव्हाही कोणता रांजण उघडायचा आणि कोणता अजून राहू द्यायचा हे तूच सांगायचीस. ते वैद्य होते, पण त्या बाबतीत तुझ्यापुढे मान खाली घालत. आत्या, जुनं आणि नवं तू कसं ओळखतेस? पत्रातून शिकवता येण्याजोगं असेल तर शिकव. दारूला शिवणार नाही अशी अण्णांच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती. ती मोडायचीच तर निदान नीट मोडावी.

अहवाल २५ तारखेला द्यायचा आहे.

तुझा
नरहर


अमरावती
११ फेब्रुवारी १९५७

चिरंजीव नरहरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मुंबई राज्यात पोचलं. हो, आम्ही आता मुंबई राज्यातले. तू चंबूगबाळं आवरून गेलास तो मध्य प्रदेशातच राहिलास, आणि मी ओट्यावरून पाय खाली न ठेवता दुसऱ्या राज्यात गेले. प्रवास असा घडावा!

शपथेचं आधी निस्तरू. तू सहा वर्षांचा असल्यापासून खोकला झाला की तुला द्राक्षासव कोण पाजत होतं? अण्णाच ना? त्यात काय होतं असं तुला वाटतं, नारळाचं पाणी? रसायनात एम.एस्सी. झालास आणि हे लक्षात आलं नाही. ज्या दिवशी शपथ घेतलीस त्या दिवशीही नाक गळत होतं म्हणून सकाळी दोन चमचे घेऊन आला होतास, मी दिले होते. अण्णाचा राग शुद्ध घालवण्यासाठी घेतात त्या दारूवर होता. तू शुद्धीत राहून घे. मी त्याच्या वतीने सांगते.

आता पारख. नव्या रांजणाला कान लावला तर आत कुजबुज ऐकू येते. तोंडाशी पेटती काडी नेली तर विझते. पण महिना-दीड महिन्यात सगळेच रांजण गप्प होतात, आणि दिवाळीला तीन महिने होऊन गेले. तेव्हा कान आणि काडी तुझ्या कामाची नाही. राहिलं नाक आणि जीभ.

नव्या आसवात मनुका वेगळी लागते, आंबट वेगळं, तिखटपणा वेगळा. नव्यानेच एका घरात आलेल्या जावा जशा, प्रत्येकीचा आवाज निराळा. वर्षं गेली की कोण बोलतं आहे ते कळेनासं होतं. चव एक होते. तोंडात धर, घाई करू नकोस, आणि काय काय वेगळं लागतं ते मला कळव. चांगलं-वाईट ठरवू नकोस, नुसतं लिही.

नलिनीला आशीर्वाद. ज्वारी पाठवण्याची सोय बघते.

तुझी
मनोरमाआत्या


भोपाळ
१७ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप आत्येस साष्टांग नमस्कार.

काल चाखलं. तुझ्या परवानगीने चाखलं तरी नलिनी भिंतीकडे तोंड करून उभी होती. "मी पाहिलं नाही म्हणजे झालंच नाही," म्हणाली.

पण आत्या, लिहिण्यासारखं काही हाती लागलं नाही. पाणचट, किंचित आंबट, मागे थोडा कडवटपणा. रंग तेवढा पिवळसर. तोंडात धरून पाहिलं, दोनदा पाहिलं. एक चव नाही आणि चार चवीही नाहीत, काही म्हणजे काहीच नाही. ताकाच्या निवळीला यापेक्षा जास्त चव असते. अगदी रीतसर घेतलं होतं, दुपारचं जेवण झाल्यावर, औषधाच्या मापाने, समभाग पाणी घालून, अण्णा देत असत तसं.

मला वाटतं ही कच्चीच असावी. जुनी असती तर काहीतरी बोलली असती. मला लछमनदासला बुडवायचं नाही, पण न आढळलेली गोष्ट आढळली असं कसं लिहू? अहवालात 'जुनेपणाची कोणतीही खूण आढळली नाही' असं लिहून २५ला सही करणार आहे. जामिनावर सुटलेला तो परवा कार्यालयाच्या फाटकाशी उभा दिसला. आरोपीशी बोलायचं नाही असा नियमच आहे. त्याने फक्त टोपी काढली आणि मी दुसऱ्या दाराने आत गेलो. फार वाईट वाटलं.

तुझा
नरहर


तार
अमरावती, २० फेब्रुवारी १९५७

सही करू नकोस. पाणी कशाला घातलंस. पत्र येत आहे. आत्या.


अमरावती
२० फेब्रुवारी १९५७

चि. नरहरास आशीर्वाद.

तारेला मी घाबरते हे तुला ठाऊक आहे. आपल्या घरात तारा फक्त कुणी गेल्याच्याच आल्या. आज आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पाठवली, ती एका परक्या सिंधी माणसासाठी आणि तुझ्या खुळेपणासाठी.

अरे, समभाग पाणी घालून जेवणावर घ्यायचं ते औषध! ते रोग्याने घ्यायचं असतं. पारख करणारा पाणी घालतो होय? वैद्याच्या घरात वाढल्याचा हा परिणाम. पाणी घालू नकोस असं मी लिहिलं नाही, कारण कढई डोक्यावर ठेवू नकोस असंही मी कुणाला लिहीत नाही. चूक माझीही आहे. मी रांजणाशी पन्नास वर्षं उभी आहे, पण तू माझ्या मागे उभा राहून कधी पाहिलं नाहीस, हे मी विसरले. तुला फक्त चमचा माहीत.

आता नीट वाच. सकाळी, उपाशीपोटी. राखुंडी नको, चहा नको, विडा तर नकोच. पितळेच्या भांड्यात ओतू नकोस, काचेच्या पेल्यात ओत, आणि ओतल्यावर अर्धा तास त्याच्याकडे बघूही नकोस. इतकी वर्षं कोंडलेलं आहे, त्याला श्वास घेऊ दे. मग तीन वेळा वास घे, मधे थांबून. मग लहान घोट, नुसता. वीस आकडे मोजेपर्यंत तोंडात फिरव. गिळ. आणि गिळल्यावर पुन्हा मोजायला लाग. हे सगळ्यांत महत्त्वाचं. नव्याची चव घोटाबरोबर जाते. जुन्याची घोट गेल्यावर येते.

सही पुढे ढकल. पोट बिघडलं म्हण, माझं नाव सांग, काही कर.

तुझी
आत्या


भोपाळ
२५ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप आत्येस,

आज नमस्कार फक्त रीतीचा नाही, खरंच वाकून करतो आहे.

तार मिळताच साहेबांकडून दहा मार्चपर्यंत मुदत घेतली. काल रविवारी सकाळी प्रयोगशाळेत गेलो. बरोबर गोपीनाथ, आमचा नागपूरचाच सहायक, आणि या वेळी नलिनीही आली. "आत्याबाईंनी तार केली म्हणजे बघण्यासारखं असणार," म्हणाली. दुसरी बाटली फोडली. बूच निघताना आवाज झाला नाही, बोटभर मेण तेवढं गळून पडलं. पेल्यात ओतली. नुसती पाहिली तर पिवळसर नव्हे आत्या, गाळलेल्या जुन्या मधाच्या रंगाची. पाणी घालून मी तो रंगही मारला होता.

अर्धा तास आम्ही तिघं पागेच्या दारात उन्हात बसलो. आत आलो तर खोलीत वास भरलेला. नलिनी दारातच थांबली आणि म्हणाली, "अक्रोड कुणी फोडले?" कुणीच फोडले नव्हते. गोपीनाथ म्हणाला, गवत, सुकलेलं, माळावरचं. मी वाकून वास घेतला तर मला मध आला, पण गोड नाही. गोडवा निघून गेलेला आणि मध मागे राहिलेला. तिघांचं तिन्ही खरं होतं.

मग घोट. वीस मोजेपर्यंत मला फक्त ऊब कळली आणि एक खारटपणा, कसला ते सांगता येईना. गिळलं. एक, दोन, तीन मोजायला लागलो. पाचाच्या सुमारास सुरू झालं. कुणीतरी आतल्या खोलीतून हळूहळू चालत यावं तसं. आधी अक्रोडाची साल, मग भाजलेल्या खसखशीचा वास, मग संत्र्याची वाळलेली साल. चाळीसपर्यंत मोजलं आणि पुढे मोजायचं सुचलंच नाही. गोपीनाथने विचारलं, "साहेब, बरे आहात ना?" माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी लाजलो नाही. एवढं काही एका घोटात राहत असेल याची मला कल्पनाच नव्हती आत्या! सहा वर्षं मी दारूचे आकडे काढतो आहे. आकड्यांच्या पलीकडे हे असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट कळली नाही. दुपारपर्यंत पेला तसाच ठेवला होता. उन्हाने थोडा कोमट झाला, तेव्हा पुन्हा चाखला, तर त्या जुनेपणाच्या खाली एक वेगळीच चव वर आली. हिरवी, आंबट, कैरीच्या सालीसारखी, ताठ. तू म्हणाली होतीस जुनं झालं की चव एक होते. इथे एक नाही, दोन आहेत. भांडत नाहीत, पण दोन आहेत. मग हे जुनं की नवं? मला भीती वाटते आहे.

बाटली ज्या अंगावर पडून होती त्या अंगाला आतून खडे धरलेले आहेत, बारीक, काचेसारखे. खरवडून तपासले, द्राक्षाच्याच आम्लाचे क्षार आहेत. बत्तीसही बाटल्या उजेडाला धरून पाहिल्या, सगळ्यांत आहेत, एकाच अंगाला.

लवकर लिही.

नरहर


अमरावती
१ मार्च १९५७

चि. नरहरास अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. शेवटच्या वेळी सकाळी उठून, चहा न घेता वाचलं. हसू नकोस.

दोन चवी आहेत, कारण दोन रांजण आहेत. तू बरोबर ओळखलंस. अक्रोडाचा तो मनुकांचा रस, हवेत काही काळ राहिलेला, आधीचा. कैरीच्या सालीचा तो ताज्या द्राक्षांचा, नंतरचा. दोन्ही वेगवेगळे केले आणि मग एकमेकांत मिसळले. आम्हीही मागच्या वर्षीचं थोडं राखून नव्यात घालतो, नव्याला वळण लागावं म्हणून. पण मिसळल्यावर ती दोन्ही पहिली काही वर्षं एकमेकांकडे पाठ करून बसतात. भांडत नाहीत असं तू लिहिलंस ना? ते भांडण मिटायलाच माझ्या रांजणात तीन उन्हाळे लागतात. इथे मिटून कितीतरी काळ झाला आहे. आणि गिळल्यावर चाळीस मोजलेस. माझ्या हातचं सर्वांत जुनं द्राक्षासव नऊ वर्षांचं आहे. त्याचं मी काल मोजलं, तीस भरले.

आता तुझा लछमनदास. नरहर, नीट विचार कर. चोरून विकण्यासाठी दारू करणारा माणूस पहिला रांजण राखून ठेवून दुसऱ्याची वाट बघतो का? त्याला पंधरा दिवसही दम निघत नाही. हे त्या इटालियन कैद्यांनी केलं, त्यांना कुठे जाता येत नव्हतं. त्यांच्यापाशी फक्त दिवस होते. कोठारातल्या मनुका साठवल्या असतील, एका मोसमाचं केलं आणि प्यायले नाहीत. प्यायले नाहीत, नरहर! कैदेत, परमुलखात, घरची बातमी नाही, आणि पुढच्या द्राक्षांची वाट पाहिली. दुःख विसरण्यासाठी प्यायचं असतं तर पहिल्याच महिन्यात संपलं असतं. ही माणसं आपल्या घरची रीत विसरू नये म्हणून हे करत होती. मी पन्नास वर्षं चाखते आहे. असं आसव मला कधी भेटलं नाही, आणि भेटलं तेही टपालाने.

अहवालात 'इतक्या वर्षांचं आहे' असं लिहू नकोस. ते कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. 'इतक्या वर्षांहून कमी नाही' असं लिही. मी पाच म्हणेन. दोनशी काम आहे, पाच पुरे. आणि खड्यांचं जरूर लिही, वर्षानुवर्षं न हलता पडून राहिल्याशिवाय ते असे एकाच अंगाला धरत नाहीत. जिभेवर कोर्टाचा विश्वास बसणार नाही, खडा हातात देता येतो.

तुझी
आत्या


भोपाळ
२१ मार्च १९५७

तीर्थरूप आत्येस साष्टांग नमस्कार.

काल सुनावणी झाली. सगळं क्रमाने सांगतो.

मॅजिस्ट्रेटसाहेब इथले जुने, भोपाळचेच. पांढरी दाढी, आवाज खाली. माझा अहवाल त्यांनी मोठ्याने वाचला. 'गिळल्यानंतर चव चाळीस अंक मोजेपर्यंत राहते' या वाक्याला मागच्या बाकांवर हशा पिकला. इन्स्पेक्टरही हसला. लछमनदास पिंजऱ्यात उभा होता, त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची थट्टाच केली आहे.

"आप शराब पीते हैं?" साहेबांनी विचारलं.

"जी नहीं."

"तो यह इल्म कहाँ से आया?"

मी खरं सांगितलं. "मेरी फूफी से, हुज़ूर. अमरावती में दवाइयाँ बनाती हैं. ख़तों में सिखाया." आणखी हशा. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "फूफी यहाँ नहीं हैं. ख़त गवाही नहीं देते. मुझे कुछ ऐसा बताइए जो मैं ख़ुद जान सकूँ. और मैं इसे मुँह नहीं लगाऊँगा, यह भी समझ लीजिए."

मी खडे दिले. त्यांनी भिंगातून पाहिले, इन्स्पेक्टरने म्हटलं की खडे आम्हीही टाकू शकतो. मग मला जे सुचलं ते तूच सुचवलंस असं मी मानतो. मी म्हटलं, एक बाटली इथे उघडून मेजावर ठेवतो, आणि शेजारी इन्स्पेक्टरसाहेबांनी दिवाळीनंतर दुसरीकडे पकडलेली मनुकांची दारू, तीही उघडून. अर्धा तास कुणी काही बोलू नये. कुणी प्यायचं नाही.

साहेबांनी घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं आणि दुसऱ्या प्रकरणाचे कागद वाचायला घेतले. दहा मिनिटांत नव्या दारूचा वास आला. आंबलेल्या मनुका, कुणीही ओळखावा असा. लोकांनी नाकाला रुमाल लावले. आणि मग, आत्या, दुसरा आला. हळू आला. रुमाल खाली झाले. शिपाई दाराशी पेंगत होता तो जागा झाला आणि इकडेतिकडे बघू लागला. कुणी बोलत नव्हतं, पण आता ते हुकमामुळे नव्हतं. एक म्हातारे वकील डोळे मिटून बसले होते. खोलीभर अक्रोड, वाळलं गवत, मध, आणि आम्ही पन्नास माणसं देवळात बसावं तशी बसलो होतो. मला तुझी फार आठवण झाली.

अर्धा तास झाला. साहेबांनी कागदावरून मान वर केली, बऱ्याच वेळापासून ते पान उलटत नव्हते हे मी पाहिलं होतं. इन्स्पेक्टरला विचारलं, "यह दिवाली की है?" त्याने मान खाली घातली. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "नहीं हुज़ूर. यह वह चीज़ नहीं है."

लछमनदास सुटला. खोलीही राहिली. बाहेर त्याच्या बायकोने माझ्या हातावर मूठभर मनुका ठेवल्या आणि दोघंही बैरागढच्या वाटेला लागले.

पण हुकमाचा दुसरा भाग ऐक. माल बेवारस, परवान्याविना, म्हणून उरलेल्या एकोणतीस बाटल्या रसायनतज्ज्ञाने दोन पंचांसमक्ष जागेवरच जमिनीत ओतून नष्ट कराव्यात. तारीख ३० मार्च. जुनी आहे हे मी सिद्ध केलं, आणि ओतायचीही मीच. मी साहेबांना जाऊन भेटलो. म्हणाले, "क़ानून में इसके लिए कोई और घर नहीं है, बेटा. मैंने ढूँढा."

नरहर


अमरावती
२५ मार्च १९५७

चि. नरहरास आशीर्वाद.

माणूस सुटला. मी आज औषधालय बंद ठेवून गोडाचं केलं, शेजारच्या शशिकलेने विचारलं कशाबद्दल, तर म्हटलं आमच्या ओळखीतले एक सुटले. तिला वाटलं आजारातून. असू दे.

ओतण्याचं वाचून मात्र जीव तळमळला. खोटं कशाला बोलू, एखादी बाटली इकडे ज्वारीच्या परतीच्या पोत्यातून आली तर, असं मनात येऊन गेलं. पण तसं काही करू नकोस. ज्याच्या खरेपणावर एक माणूस सुटला त्याने लबाडी करू नये. ओत. फक्त घाई करू नकोस, आणि पंचनामा स्वतः लिही. पंचांनी काय ओततो आहोत हे ओळखून मग ओतावं, असं माझं म्हणणं. नुसत्या बाटल्या मोजून पंचनामा होत नाही.

आत्या


भोपाळ
३१ मार्च १९५७

तीर्थरूप आत्येस,

काल बैरागढला गेलो होतो. सकाळी, उपाशीपोटी.

एक पंच गोपीनाथ. दुसरा म्हणून मी लछमनदासचं नाव घातलं. खोली त्याची, तो आता आरोपी नाही, कायद्याने अडत नव्हतं. बराकीपुढच्या मोकळ्या जागेत पोरीबाळी, म्हातारेकोतारे सगळे जमले. लछमनदासची आई खाटेवर बसली होती. मी पंचनामा लिहायला घेतला. 'प्रत्येक बाटलीतील द्रव तोच असल्याची पंचांनी चाखून खात्री केली' असं आधीच लिहिलं आणि दोघांना वाचून दाखवलं. लिहिलेलं खोटं ठरू नये म्हणून मग चाखणं भाग होतं.

एकोणतीस बाटल्या, आणि एकही दुसरीसारखी नाही. काहींत अक्रोड पुढे, काहींत ती हिरवी चव. दोन उतरलेल्या होत्या, शिरका झालेला. एक इतकी सुंदर होती की गोपीनाथने पेला खाली ठेवला आणि जरा लांब जाऊन उभा राहिला. आम्ही चमचा-चमचाच घेत होतो, आणि मी प्रत्येकीची दोन ओळी नोंद केली आहे. त्या नोंदी स्वतंत्र कागदावर तुला पाठवतो. मग बाटली उलटी करायची. तिथली जमीन काळी आहे, लगेच पिऊन टाकते. दुपारपर्यंत साऱ्या बराकींत तो वास होता. कुणी चूल पेटवली नाही.

लछमनदास आधी पेला घ्यायलाच तयार नव्हता. त्याच्या घरात कुणी कधी घेतलेली नाही. मी म्हटलं, पंचाचं काम आहे, करावं लागेल. त्याने आईकडे पाहिलं, ती मान हलवून हो म्हणाली. घोट घेतला. मी त्याला मोजायला सांगितलं नव्हतं, पण तो गप्प उभा राहिला, माझ्या मोजणीने तीसच्याही पुढे. मग विचारलं, "साहब, यह किसने बनाई थी?"

मी त्याला तुझ्या पत्रातलं सांगितलं. की कैद्यांनी मनुका साठवल्या, एका वर्षाचं न पिता राखलं, पुढच्या वर्षाची वाट पाहिली. त्यांना परत जायचं होतं, तिथली रीत हातातून जाऊ नये म्हणून.

"और वो गए?"

"गए. लड़ाई ख़त्म हुई, जहाज़ आया, सब अपने-अपने गाँव गए."

त्याने पेला पुसून माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी, देवाचं भांडं द्यावं तसा. बराकीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "वो क़ैदी थे साहब, घर चले गए. हम तो आज़ाद हैं."

मग पुढची बाटली त्याने स्वतःच उचलली आणि ओतली. पंचनाम्यावर सिंधी लिपीत सही केली. त्याचं ते वाक्य पंचनाम्यात कुठे बसेना, म्हणून तुला लिहिलं.

तुझा
नरहर